लाल वेल आणि आप्पांची साखर

१७ जानेवारी

वरच्या पट्ट्याची छाटणी आज संपली. बोटांना फोड आले आहेत, पेन धरवत नाही, पण आप्पांचं आजचं बोलणं लिहून ठेवायलाच हवं. माझे सासरे बोललेलं विसरत नाहीत, फक्त सोयीपुरतं आठवतात.

शेवटची काडी छाटून मी कात्री पुसत होते. आप्पा बांधावर उभे राहून म्हणाले, "सूनबाई, तीन वर्षं झाली. यंदा पावसाच्या आधी या पट्ट्यातून एक गाडी भरून दाखव. नाहीतर पुढच्या हिवाळ्यात इथे परत माझी वेल."

"आणि भरून दाखवली तर?"

"तर तू म्हणशील तसं. पण एक सांगून ठेवतो, या वेलींचं फळ मी तोंडाला लावणार नाही."

त्यांची द्राक्षवेल म्हणजे लांब मण्यांची, पांढरी, जुनी. सासूबाईंनी आणि त्यांनी मिळून लावलेली. गोडीला तोड नाही, पण पिकते अशा मुहूर्तावर की पाऊस दारात उभा असतो. दरवर्षी मणी तडकतात, बुरशी येते, अर्धा माल चरात जातो, आणि दरवर्षी आप्पा म्हणतात की यंदा पाऊसच जरा लवकर आला. सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी मी हट्टाने वरचा पट्टा उपटला आणि लवकर पिकणाऱ्या तीन जाती लावल्या: एक हिरवी, एक काळी, एक लाल. तेव्हापासून आप्पा माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलतात.

नवऱ्याला हे सगळं सांगितलं. त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे आणि जगातल्या सगळ्या भांडणांवर त्याचं एकच मत असतं, की दोन्ही तारा तपासून बघा. त्याने ते मत दिलं आणि झोपला.

६ मार्च

वेलींचे डोळे फुटले, कोंब आले. काळी आणि लाल एकदम, सगळ्या काडीभर. हिरवीचे फक्त शेंड्याकडचे दोनच डोळे उघडले, खालचे गाढ झोपेत. आप्पा बघून गेले. "हिवाळाच धड झाला नाही, तर वेलीला जाग कशी येणार," म्हणाले. हे हवामानच झालं, पण वेलीबद्दल बोलले म्हणून मी मनात नोंद केली.

११ एप्रिल

हिरवी बाद. तिला घड थोडे, आणि जे आहेत त्यांत मणी असे गच्च की एकमेकांना चेंगरून आतून फुटायला लागले. मी आणि नवरा दोन दिवस कात्रीने मणी विरळ करत बसलो. तो म्हणाला, या घडात श्वास घ्यायला जागा नाही. शेवटी हात टेकले. तिच्यावर रुसून उपयोग नाही, ती आपल्या हवेची नाही.

राहिल्या दोघी. माझा जीव काळीवर आहे, खरं सांगायचं तर. लाल जरा मुखदुर्बळ वाटते.

२९ एप्रिल

काळीने रंग धरला. एप्रिलमध्ये. अजून इथे कोणाच्या मांडवावर मण्यात पाणीसुद्धा उतरलेलं नाही आणि माझे घड शाईसारखे काळे. मी बांधावरून तीनदा चालले, आप्पांना दिसावी म्हणून. ते पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान तेच होतं.

एक मणी खाल्ला. गोड आहे. थोडा आंबट असेल, पण गोड आहे.

६ मे

आजचा दिवस लिहायला नको वाटतं, म्हणून लवकर उरकते.

काळीचे दहा क्रेट घेऊन बाजारात गेले. अडत्या चष्मा कपाळावर चढवून आला, घड उचलून उजेडात धरला, "वा, वहिनी," म्हणाला. मग मणी तोंडात टाकला. त्याचा एक डोळा आपोआप मिटला. आजूबाजूला चार माणसं जमली होती, त्यांनीही एकेक खाल्ला, आणि चार डोळे मिटले.

"वहिनी, ही द्राक्षं आहेत की चिंचा?"

"मला गोड लागली होती."

"तुमची आहेत ना, लागणारच."

क्रेट परत आणले. आप्पा फाटकाशी उभे होते. मला वाटलं आता ऐकवतील. त्यांनी एक क्रेट उतरवून घेतला आणि म्हणाले, "तुझी जीभ तुझ्या बाजूने बोलते, सूनबाई. तिची साक्ष धरू नको." हे बोलणं मला टोमण्यापेक्षा जास्त झोंबलं, कारण खरं होतं. मी मोरीत नळ सोडून रडले. काळीचा रंग आधी येतो, गोडी मागून येते, आणि उरलेले घड आता गळायला लागले आहेत.

८ मे

ठरलं. एकही मणी चाखणार नाही. लाल जात लालभडक झाल्याशिवाय आणि यंत्राने साखर पुरेशी दाखवल्याशिवाय घडाला हात लावणार नाही. साखर मोजायचं यंत्र आणलं आहे: काचेवर दोन थेंब रस टाकायचा, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा, की आकडा दिसतो. अठरा आला की काढणी. आप्पा त्याला माझी दुर्बीण म्हणतात.

म्हणजे आता या घरात दोन माणसं द्राक्षाची बाग राखतात आणि दोघांनीही द्राक्ष न खाण्याची शपथ घेतली आहे. नवरा म्हणतो, असं घर शोधून सापडणार नाही.

१६ मे

लाल जातीच्या मण्यात पाणी उतरलं. कडक मणी बोटाला मऊ लागतात. यंत्रात साडेअकरा. रंग अजून पोपटी, पण येईल. हवा जड झाली आहे, रात्री पंखा असूनही चादर ओली होते.

आप्पांनी लाल जातीच्या मांडवाखाली खुर्ची टाकली आहे. खालच्या पट्ट्यात त्यांची स्वतःची वेल सोडून इथे. मी विचारलं, तर म्हणाले सावली बरी आहे. माझी चूक पहिल्या रांगेत बसून बघायची असेल, दुसरं काय.

१९ मे, रविवार

रविवार म्हणजे आप्पांच्या बोटाला सुई. त्यांना साखरेचा आजार आहे, आणि दर रविवारी नाश्त्याआधी नवरा त्या छोट्या यंत्राने रक्त तपासतो. एकशे सोळा. आप्पांनी आम्हा दोघांकडे परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखं बघितलं.

माझ्या यंत्रात चौदा. रंग नाही.

२३ मे

यंत्र गेलं. सकाळपासून शोधत होते, शेवटी लाल जातीच्या ओळीत, आप्पांच्या खुर्चीपाशी सापडलं. काच धुरकट झाली आहे, आत पाणी गेलंय, आकडाच दिसत नाही. बाहेरून सगळं चिकट.

"आप्पा, हे काय झालं?"

"चहा बघत होतो. तुम्ही लोक साखर किती घालता ते."

"गरम चहा ओतलात यात?"

"मला काय माहीत ते इतकं नाजूक आहे."

काय बोलणार, त्यांच्या चहात तर साखर घालतच नाही आम्ही. दुरुस्तीला पाठवलं आहे, पंधरा दिवस तरी लागतील. तोवर रंगावरच भरवसा.

२६ मे, रविवार

आप्पांची साखर एकशे बावन्न. नवरा म्हणाला यंत्र चुकलं असेल, परत सुई टोचली. एकशे चोपन्न. मी बिस्किटांचा डबा कुलपात टाकला. आप्पा कुलपाकडे बघून शांतपणे म्हणाले, "टाक, टाक." एवढ्या शांतपणे की मला वाटलं दुसराही डबा असणार. सगळं स्वयंपाकघर उपसलं. दुसरा डबा नाही.

लाल जातीवर फिकट गुलाबी छटा आली आहे, तीही फक्त आप्पांच्या खुर्चीच्या आसपासच्या दोन-तीन वेलींवर. तिथली घडांजवळची पानं कोणीतरी खुडून टाकली आहेत. बहुतेक बकरी शिरली असेल.

२९ मे

पाखरं. अख्ख्या परिसरात लवकर धरलेली बाग माझी एकटीची, त्यामुळे सगळ्या पाखरांना आमंत्रण. जाळी लावली आहे, गाठी मी स्वतः मारल्या आहेत, गाठी जशाच्या तशा आहेत. तरी टोकाच्या वेलीवरचे घड कमी होत चालले आहेत. आज मुद्दाम जवळून पाहिलं, तर देठ तुटलेला नाही, सरळ कापल्यासारखा. असलं पाखरू मी पाहिलेलं नाही.

आप्पांना सांगितलं. ते दिवसभर तिथेच असतात, त्यांना दिसलं असेल.

"पाखरं फार हुशार झाली आहेत हल्ली," ते म्हणाले.

माझी छोटी कात्री त्यांच्या खुर्चीखाली सापडली. मीच विसरले असणार. हल्ली डोकं ठिकाणावर नाही.

२ जून, रविवार

एकशे त्र्याऐंशी. मी नवऱ्याशी कडाकडा भांडले. म्हटलं, तूच दुकानातून येताना त्यांना काहीतरी आणून देतोस. तो म्हणाला, मी फक्त मोटारीचं तेल आणतो. आप्पा मध्ये पडले नाहीत. खिडकीतून मांडवाकडे बघत बसले. दवाखान्यात फोन केला, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता रोज तपासा.

घरात हे, आणि बागेत लाल जात तिथल्या तिथे. गुलाबी, तीही आजारी माणसाच्या गालासारखी. रोज सकाळी जाऊन बघते आणि रोज वाटतं की काल जरा जास्त होता रंग. मला भीती वाटायला लागली आहे. हिरवी गेली, काळी गेली, आणि ही रंग धरायलाच तयार नाही.

६ जून

रेडिओवर सांगितलं, नऊ तारखेच्या आसपास पाऊस. पश्चिमेला ढगांची रेघ आली आहे. मी मांडवाखाली दोन तास उभी होते. लाल रंगाचा एक घड नाही. एक नाही.

जेवताना मी आप्पांना सांगितलं, "तुम्ही जिंकलात. नऊला पाऊस आहे आणि माल कच्चा आहे. पुढच्या हिवाळ्यात तुमची वेल लावा. मी स्वतः खड्डे घेईन."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "सगळा कच्चा?" म्हणाले. मी हो म्हटलं. ते न जेवता उठले. नवरा माझ्याकडे बघत राहिला. मला राग आला, खरं सांगते. जिंकल्यावरही हे माणूस समाधानी होत नाही.

७ जून

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी आप्पांच्या बोटाला सुई मीच टोचली. दोनशे सात. माझा बांध फुटला. मी म्हटलं, "आप्पा, सासूबाई गेल्या, ते आम्ही सोसलं. आता तुम्ही असं कराल तर कोणाच्या भरवशावर राहायचं? काय खाता तुम्ही? कुठून खाता?"

ते बराच वेळ बोटावरचा कापूस दाबत बसले. मग उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. मला वाटलं रुसून गेले. पाच मिनिटांनी परत आले आणि माझ्यासमोर टेबलावर लाल जातीचा एक घड ठेवला. फिकट, गुलाबी-पोपटी, पाणी टपकत असलेला.

"हे खातो," म्हणाले. "रोज. आधी एक मणी खायचो, बघायला. आता घड संपल्याशिवाय उठवत नाही."

मी घड उलटसुलट करून पाहिला.

"चाख की. तुझी जीभ नको म्हणतेस ना, मग माझं रक्त घे. ते कोणाच्या बाजूने बोलत नाही."

मी मणी तोंडात टाकला. साल पातळ, कुडूम करून फुटली, आणि मग नुसता मध. बी नाही. मी दुसरा खाल्ला. तिसरा खाताना मी रडत होते की हसत होते ते मला माहीत नाही. नवरा मोजे घालता घालता थांबला, त्याने येऊन चार मणी एकदम तोंडात टाकले आणि म्हणाला, "अगं, ही तर कधीची पिकलीय."

"दहा-बारा दिवस झाले," आप्पा म्हणाले. "रात्री एवढं उकडतं, वेलीने रंग कशाला धरावा. पानं काढून बघितली, तेवढ्यापुरती गुलाबी झाली. पण गोडीला रंग कुठे लागतो."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलं कुठे. आणि मी कसं सांगू, मी तोंडाला लावणार नाही म्हटलं होतं." मग जरा थांबून, खाली बघत, "आणि सांगितलं असतं, तर तिची वेल गेली असती."

तिची, म्हणजे सासूबाईंची. मी डोळे पुसले. पण ढगाची रेघ जाड झाली होती आणि आप्पाच पुन्हा म्हणाले, "रडत काय बसलीस. कात्र्या आण."

नवऱ्याने दुकान बंद ठेवलं आणि दुकानातले दोन्ही मिस्त्री घेऊन आला. शेजारची बाई, तिच्या सुना, समोरचा सुतार, सगळे आले. आप्पा खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते: देठाला धर, मण्यांना बोट लावू नको, सावलीत ठेव. माझ्या बागेत माझ्यावरच हुकूम. मी निमूटपणे ऐकत होते आणि मला इतकं छान वाटत होतं की काय सांगू. मध्येच कलमवाल्याला फोन केला, ज्याच्याकडून रोपं घेतली त्याला. तो म्हणाला, "वहिनी, गरम रात्रीत लाल जात फिकट राहते, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." मी म्हटलं, आता माहीत आहे.

८ जून

गाडी भरली. एक नाही, दोन. दुसरी मिस्त्र्याच्या मेव्हण्याची.

आप्पा आज बाजारात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ड्रायव्हरशेजारी बसले. सासूबाई गेल्यापासून ते बाजारात आलेले नव्हते.

अडत्याने मला पाहिलं आणि त्याचा एक डोळा आधीच मिटायला लागला. घड पाहून तर तो मान हलवू लागला. "वहिनी, मागच्या वेळी काळी होती तर आंबट. ही तर धड लालही नाही."

"डोळे मिटून खा," मी म्हटलं.

"ते तर मिटतातच तुमच्या मालाने."

त्याने खाल्ला. दोन्ही डोळे उघडेच राहिले. त्याने दुसरा घड उचलला, दुसऱ्या क्रेटमधून, तळातून, संशयाने. तोही खाल्ला. मग हाक मारून बाकीच्यांना बोलावलं. त्या दिवशीचेच चार जण होते, मी चेहरे विसरलेली नाही. बाजारात आज दुसऱ्या कोणाची द्राक्षंच नव्हती. दुपारच्या आत दोन्ही गाड्या रिकाम्या झाल्या.

"कोणती जात म्हणायची ही, काका?" अडत्याने आप्पांना विचारलं.

आप्पांनी शर्टाची बाही सारखी केली. "आमची आहे," म्हणाले. "लवकर येते. पावसाच्या आधी."

मी क्रेट रचायचं निमित्त करून पाठ फिरवली. जिंकले. मी जिंकले, हे मला आज मोठ्या अक्षरांत लिहायचं आहे.

९ जून, रविवार

दुपारी पाऊस आला, वाऱ्यासकट, तिरपा. आम्ही तिघं ओट्यावर बसून तो रिकाम्या मांडवावर पडताना बघितला. नवरा म्हणाला, किती मेहनत घेतोय बिचारा, आणि हाताला काहीच लागत नाहीये त्याच्या. आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग त्यांचं लक्ष खालच्या पट्ट्याकडे गेलं. तिथे त्यांचे लांब पांढरे घड अजून कडक होते, आणि भिजत होते.

१६ जून, रविवार

आप्पांची साखर एकशे सव्वीस. बिस्किटांचं कुलूप काढलं. डॉक्टरीणबाईंना खरं कारण सांगितलं, तर त्या हसायच्या की रागवायच्या ते ठरवू शकल्या नाहीत, म्हणून दोन्ही केलं.

नाश्ता झाल्यावर आप्पा म्हणाले, "तू म्हणशील तसं, असं ठरलं होतं. बोल. खालच्या पट्ट्याचं काय?"

हे वाक्य मला तीन वर्षं ऐकायचं होतं. उत्तर कधीचं तयार होतं. सगळी जुनी वेल काढायची, सगळीकडे लाल. ते तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. मी म्हटलं, "येत्या हिवाळ्यात लाल जातीची कलमं भरू, खाली लावू. पण विहिरीजवळच्या दोन ओळी तशाच राहतील. बाजारासाठी नाही. घरासाठी."

"त्या पावसात सापडतात."

"सापडू देत. उरतील तेवढी आपण खाऊ."

आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने बराच वेळ पुसला. तो स्वच्छच होता. मग चपला घालून विहिरीकडे गेले. मी खिडकीतून पाहिलं, तर त्या दोन ओळींतली सुटून लोंबणारी काडी उचलून ते तारेला बांधत होते.

संध्याकाळी यंत्र दुरुस्तीहून परत आलं. काच बदलावी लागेल, नाहीतर नवीनच घ्या, असं सांगितलंय. मी आप्पांना म्हटलं, "पुढच्या वर्षी नवीनच घेते. तुम्ही चहा ओतणार नसाल तर."

"चहा कोणी ओतला होता," आप्पा म्हणाले. "द्राक्षच पिळलं होतं. मग चिकट झालं म्हणून जरा नळाखाली धरलं. पण आकडा दिसला होता आधी. सोळा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे खुर्ची टाकून ते माझी फजिती बघायला बसलेच नव्हते. मी एवढी हुशार, आणि हे मला आज कळतंय.

"नवीन कशाला घेतेस," ते म्हणाले. "मी आहे ना."

"दोन मणी," मी म्हटलं. "रोज दोन. तिसरा नाही."

"तीन," आप्पा म्हणाले. शेवटी अडीचवर ठरलं.